चार पट्ट्यांत मावलेली माणसं

बालमित्रांनो, 'अल्बम' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ताईच्या लग्नाच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक, बरोबर? मग गाण्यांच्या संग्रहालाही अल्बम का म्हणतात? गाण्यांना पानं थोडीच असतात!

पण एके काळी ती असायची. जुन्या काळी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचं गाणं मावायचं. जास्त ऐकायचं तर पाच-सहा तबकड्या हव्यात. कंपन्या त्या जाड कागदाच्या खिशांत घालायच्या आणि ते खिसे पुस्तकासारखे बांधून विकायच्या. दिसायला थेट फोटोंचा अल्बम! पुढे १९४८ साली अमेरिकेत एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी एलपी तबकडी आली. पुस्तक गेलं, एकच तबकडी उरली, पण नाव अल्बमच राहिलं.

आज आपण अशाच एका जगप्रसिद्ध अल्बमची गोष्ट ऐकणार आहोत. तो काढला इंग्लंडमधल्या 'बीटल्स' या चौघांनी. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, चौघेही लिव्हरपूल या बंदराच्या गावचे. अल्बमचं नाव एका दमात म्हणून बघा हं : 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. साल १९६७.

मीठ-मिरपुडीतून निघालेला सार्जंट

१९६६ साली बीटल्स एवढे लोकप्रिय होते की त्यांच्या कार्यक्रमात लोकांच्या किंकाळ्यांपुढे त्यांना स्वतःचंच गाणं ऐकू येत नसे. आपण सुरात आहोत की बेसूर, हेही कळेना! शेवटी वैतागून त्यांनी गावोगावचे कार्यक्रम बंद केले. २९ ऑगस्ट १९६६ ला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्या दौऱ्यांमधला शेवटचा कार्यक्रम झाला. मग चौघे चार दिशांना गेले. जॉर्ज तर आपल्या मुंबईत आला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. इकडे लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली : संपले वाटतं बीटल्स!

पॉल गेला होता केनियाला. परतताना विमानात त्याला एक कल्पना सुचली. आपण बीटल्स नाहीच, दुसराच कुठला तरी बँड आहोत असं समजून गाणी केली तर? नाटकात सोंग घेतो ना, तसं! नाव कसं सुचलं त्याची हकिकत पॉलनेच सांगितली आहे. जेवताना त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स 'सॉल्ट अँड पेपर' म्हणजे मीठ-मिरपूड मागत होता. पॉलला ते 'सार्जंट पेपर' असं ऐकू आलं. झालं, मिरपुडीच्या डबीतून हवालदार बाहेर पडला!

चार पट्टे, त्यात कितीजण?

२४ नोव्हेंबर १९६६ ला चौघे लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या स्टुडिओत जमले. त्यांच्या पहिल्या अल्बमची दहा गाणी १९६३ मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली होती. या वेळी मात्र जवळजवळ पाच महिने लागले. का बरं?

त्यासाठी आधी एक यंत्र समजून घेऊ. तेव्हा आवाज एक इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर साठवत. त्या फितीच्या रुंदीचे चार पट्टे पाडलेले असत, वहीच्या पानावर चार रकाने आखावेत तसे. या पट्ट्याला म्हणतात ट्रॅक. एकावर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर पियानो, चौथ्यावर गाणं. संपले पट्टे! आता बासरी हवी असेल तर ती कुठे बसवायची?

त्यांनी युक्ती केली. चारही पट्टे एकदम वाजवायचे आणि दुसऱ्या यंत्राच्या एकाच पट्ट्यावर उतरवून घ्यायचे. म्हणजे तिथे तीन पट्टे रिकामे! पण यात एक मोठी गोम होती. एकदा आवाज असे मिसळले की ते वेगळे करता येत नसत. चहात साखर विरघळली की बाहेर काढता येते का? तसंच. ढोल जरा जास्तच मोठा झाला असं पुढच्या आठवड्यात वाटलं, तरी उपयोग नाही. शिवाय दर नकलेला थोडी खरखर वाढायची ती वेगळीच. म्हणून प्रत्येक वेळी सगळ्यांनी कान देऊन ऐकायचं आणि निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा.

हे काम करणारी माणसं होती निर्माता जॉर्ज मार्टिन, विशीतला ध्वनिमुद्रक जेफ एमरिक आणि यंत्रं सांभाळणारा केन टाउनसेंड. लक्षात ठेवा ही नावं, पुढे लागणार आहेत.

सर्कशीचं गाणं

एक दिवस जॉनने जुन्या वस्तूंच्या दुकानातून सर्कशीची एक जाहिरात विकत घेतली. होती १८४३ सालची! पाब्लो फँक नावाच्या कृष्णवर्णीय मालकाच्या सर्कशीची. जॉनने तिच्यावरून अख्खं गाणं रचलं आणि मार्टिनना सांगितलं, "ऐकताना सर्कशीतल्या भुशाचा वास आला पाहिजे."

आता वासाचं ध्वनिमुद्रण कसं करणार? मार्टिननी जत्रेत वाजणाऱ्या वाफेच्या बाजाच्या जुन्या फिती मिळवल्या. एमरिकला सांगितलं, यांचे कात्रीने तुकडे कर, हवेत उडव आणि हाताला येतील तसे जोड. काही तुकडे उलटे लागले, काही सुलटे. त्यातून जो गोंधळ तयार झाला तो गाण्याच्या मागे घातला आणि काय आश्चर्य, सर्कशीचा तंबू उभा राहिला!

गोरिलाचा पंजा आणि गजराचं घड्याळ

अल्बममधलं शेवटचं गाणं आहे 'अ डे इन द लाइफ'. त्यात जॉनचा भाग आणि पॉलचा भाग यांच्यामध्ये २४ मात्रागटांची जागा मोकळी सोडली होती. तिथे काय घालायचं ते ठरलंच नव्हतं. जागा नीट मोजली जावी म्हणून मॅल इव्हान्स मोठ्याने आकडे म्हणत होता आणि शेवटी त्याने गजराचं घड्याळ वाजवलं. ट्रर्रर्र!

ती जागा भरायला १० फेब्रुवारी १९६७ ला चाळीस वादक बोलावले. चांगले सूटबूट घालून आलेले, मोठमोठ्या वाद्यवृंदांत वाजवणारे लोक. त्यांना दिल्या खोट्या नाकांच्या आणि गमतीदार टोप्या! एका व्हायोलिनवादकाने तर हातात गोरिलाचा पंजा चढवला. सूचना काय? आपल्या वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्या सुरापर्यंत हळूहळू चढत जा आणि शेजाऱ्याचं ऐकू नका. परीक्षेत आम्ही तुम्हाला सांगतो अगदी तसंच!

पण पट्टे तर भरलेले. मग टाउनसेंडने दोन यंत्रं एकमेकांना जोडून एकाच वेळी चालवली. चाळीसजणांचं वादन चार वेळा घेतलं आणि एकावर एक चढवलं. जणू एकशे साठजण वाजवत आहेत!

आणि ते घड्याळ? ते काही काढता येईना. पण पॉलचा भाग सकाळी उठण्यापासूनच सुरू होत होता! मग काय, गजर तिथेच राहिला. आजही ऐकू येतो.

गाण्याच्या अगदी शेवटी जॉन, पॉल, रिंगो आणि मॅल यांनी तीन पियानोंवर एकदम जोरात स्वर दाबले. तो नाद चाळीसहून जास्त सेकंद घुमतो. तो विरत जाईल तसा एमरिक आवाजाचं बटण वाढवत गेला. शेवटी शेवटी तर ते इतकं वाढलं की खुर्चीची करकरसुद्धा फितीवर आली. कान देऊन ऐका, सापडते का ते!

सतरंजीवर बसलेले पाहुणे

जॉर्जने मुंबईत सतार शिकून आल्यावर एक गाणं भारतीय पद्धतीने बांधलं. त्यात दुसऱ्या कुणाही बीटलने वाजवलेलं नाही. मग कुणी वाजवलं? लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकांनी. मार्च १९६७ मध्ये ते स्टुडिओत आले आणि खाली बैठक मारून दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवून गेले. तबकडी जगभर लाखोंनी खपली, पण पाकिटावर त्यांचं नाव नव्हतं!

२०१७ साली अल्बमला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांच्यातल्या चौघांची नावं जगापुढे आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कनसारा, तबल्यावर नटवर सोनी. पन्नास वर्षं! एवढ्या काळात पहिलीतलं मूल आजोबा होतं.

१ जून १९६७ ही अल्बम बाहेर पडल्याची तारीख म्हणून ओळखली जाते. त्या वेळी इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत तो एकूण २७ आठवडे पहिला होता. १९६८ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं. रॉक संगीताला ते पहिल्यांदाच मिळालं होतं. 'संपले वाटतं' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. एमरिकलाही ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं, पण मूळ पाकिटावर त्याचंही नाव नव्हतं.

मुखपृष्ठाची गंमत तर आणखीच. चौघांच्या मागे पन्नासहून जास्त प्रसिद्ध माणसांचे पुठ्ठ्याचे आणि मेणाचे पुतळे उभे केले होते. त्यांत महात्मा गांधीही होते, पण भारतात लोकांना आवडणार नाही म्हणून कंपनीच्या साहेबांनी ते काढायला लावले. म्हणजे बघा, ज्यांनी अल्बमसाठी काहीच केलं नव्हतं ते मुखपृष्ठावर गर्दी करून उभे, आणि ज्यांनी तबला वाजवला ते कुठेच नाहीत!

मुलांनो, १९६७ मध्ये मिसळलेले आवाज वेगळे करता येत नव्हते. आज संगणक ते करू शकतो. जुन्या ध्वनिमुद्रणातून ढोल वेगळा, गिटार वेगळी, गाणं वेगळं. पण तो ढोल वाजवणारा कोण, हे संगणकाला कसं कळणार? ते कुणीतरी त्याच दिवशी लिहून ठेवायला हवं.

तुमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आता येईल. नाचणाऱ्यांची नावं माइकवरून वाचली जातीलच. पण पेटी कुणी वाजवली? पडदा कुणी ओढला? खुर्च्या लावणारे शिपाईकाका, मुकुटाला रात्री बसून टिकल्या चिकटवणारी कुणाची तरी आई, यांचीही यादी करा. आणि वर्गशिक्षकांना सांगा, ही पण वाचा.

करून पाहा

चार मित्र जमवा आणि घरातल्या मोठ्यांकडून दोन मोबाइल मागून घ्या. पहिल्यावर एकाने टाळ्यांचा ठेका ध्वनिमुद्रित करायचा. मग तो ठेका वाजवायचा, त्याच्याबरोबर दुसऱ्याने डबा बडवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मोबाइलमध्ये घ्यायचं. आता ते वाजवून तिसऱ्याने शिट्टी, मग चौथ्याने गाणं. शेवटी ऐका. पहिल्या टाळ्या किती ऐकू येतात? खरखर किती वाढली? डबा फार मोठा झाला असेल, तर आता काय करणार?

पालकहो, थोडा गोंगाट होईल, पण तेवढा सोसा. आणि मुलांनो, झालं की कागदावर चौघांची नावं, कुणी काय वाजवलं ते आणि तारीख लिहायला विसरू नका. मोबाइल कुणाचा होता तेही लिहा बरं का!