मातीत किती, यापेक्षा अंगात किती?

मातीत शिसं किती आहे हे प्रयोगशाळा सांगते आणि तेवढ्या आकड्यावर आपण घाबरतो, नाहीतर निश्चिंत होतो. माझ्या मते हा आकडा अर्धवट आहे. लहान मूल मातीचा हात तोंडात घालतं, तेव्हा पोटात गेलेलं सगळंच शिसं रक्तात उतरत नाही. ते कोणत्या रूपात आहे, यावर ते ठरतं. गॅलेना या खनिजातलं शिसं फारसं विरघळत नाही, शिशाचं कार्बोनेट मात्र सहज विरघळतं.

मग मोजायचं कसं? अमेरिकेत डुकराच्या पिलांना अशी माती खाऊ घालून त्यांचं रक्त तपासलं गेलं, कारण त्यांची पचनसंस्था लहान मुलांशी बरीच मिळतीजुळती असते. आता सोपी चाचणीही आहे. चाळलेली माती 37 अंश सेल्सिअसला, जठरासारख्या आम्लात तासभर घुसळायची आणि किती शिसं सुटलं ते पाहायचं.

माशांचं गणित वेगळंच. जपानमधल्या मिनामाताचा आजार 1956 मध्ये उघड झाला. कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथाइल पारा तिथल्या माशांत साठला होता. हा पारा आतड्यातून जवळजवळ सगळाच रक्तात जातो. खाणाऱ्याच्या केसांतही मोजता येतो. थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला, तर तो बहुतेक तसाच बाहेर पडतो. (त्याची वाफ मात्र घातक, बरं का!)

म्हणून मातीच्या अहवालात हा दुसरा आकडाही हवाच. पण 'अंगात कमीच जातं' म्हणत कुणी साफसफाई टाळू लागलं, तर त्याला जरूर विचारा: चाचणी कोणत्या मातीवर केली? मुलांच्या हाताला चिकटते त्या बारीक मातीवर, की खड्यांवर?