कंपनीची पेटी, आपला राऊटर

बंगळूर शहरातून विमानतळाकडे निघालेल्या माणसाला हेब्बाळचा उड्डाणपूल चुकत नाही आणि पुलावरची गर्दीही चुकत नाही. पुलालगत जुना तलाव, जवळच कृषी विद्यापीठाचा परिसर आणि नागवारच्या दिशेने गेले की मान्यता टेक पार्कच्या काचेच्या इमारती. नोकरीच्या निमित्ताने पुण्या-कोल्हापुराकडची, बेळगावची कितीतरी मुले या भागात येऊन स्थिरावली आहेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर अनेकांचे ऑफिसच घरी येऊन बसले. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, दोघांच्याही कानांना हेडफोन!

अशाच एखाद्या उंच इमारतीतले घर डोळ्यांसमोर आणावे. इंटरनेटची काचेची बारीक तार, म्हणजे फायबर, जिन्याशेजारच्या डक्टमधून वर आलेली. ती ज्या भिंतीतून आत शिरली तिथेच, चपलांच्या कपाटावर, कंपनीच्या माणसाने पांढरी पेटी ठोकली आणि तो निघून गेला. आता मुलगा काम करतो शेवटच्या बेडरूममध्ये, मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती. साताऱ्याहून आलेल्या आजी संध्याकाळी लेकीशी व्हिडिओवर बोलायला बसतात ती खोलीही तीच.

"अगं, तुझं तोंड उघडंच राहिलंय!" आजी ओरडतात. पलीकडचे चित्र गोठलेले असते.

"आजी, आपण आपला स्वतःचा राऊटर घेऊ या," नातू म्हणतो.

"अरे, त्यांनी फुकट दिलाय ना एक? मग पुन्हा पैसे कशाला घालायचे?"

दोघांचेही बरोबर आहे. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी त्या पांढऱ्या पेटीच्या पोटात काय आहे ते समजून घेतलेले बरे.

घरातली माणसे तिला सरसकट 'वायफाय' म्हणतात. पण ती एकटी तीन कामे करते. पहिले काम मोडेमचे: काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणे. दुसरे काम राऊटरचे: घरातला टीव्ही, चार फोन, दोन लॅपटॉप यांना एकाच जोडणीवर नीट वाटणी करून देणे. तिसरे काम रेडिओचे, म्हणजे वायफायच्या लहरी घरभर सोडण्याचे. यातले पहिले काम सहसा कंपनीच्याच पेटीने होते, कारण पलीकडे एक्स्चेंजमधल्या यंत्राला ओळखीचीच पेटी लागते. ग्राहक हात घालू शकतो तो उरलेल्या दोन कामांत. घरोघरी कुरकुर असते तीही बहुधा तिसऱ्याबद्दलच.

तेव्हा आधी निदान करावे. लॅपटॉप घ्यावा, साध्या इथरनेटच्या तारेने तो थेट कंपनीच्या पेटीला जोडावा आणि वेग मोजावा. तारेवरच वेग कमी भरला, तर पाच हजारांचा राऊटर आणूनही तो वाढणार नाही. ती तक्रार कंपनीकडेच करायची. तारेवर वेग पुरा आहे आणि शेवटच्या खोलीत मात्र नाही, तर दोष भिंतींचा आणि पेटीच्या जागेचा. घरचे वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली भिंत बऱ्यापैकी ओलांडते. पण तिच्यात एकमेकांना न अडवणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. ज्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर सहा-सात घरे आणि घरागणिक एक राऊटर, तिथे या तीन मार्गांवर काय दाटी होत असेल! हेब्बाळच्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. ५ गिगाहर्ट्झला मोकळीक जास्त आणि वेगही जास्त, पण दोन भिंती पार करताना तिची दमछाक होते.

मग पेटीच उचलून घराच्या मध्यभागी ठेवली तर? हा मोह आवरावा. फायबर म्हणजे केसासारखा काचेचा धागा. तो कोनात दुमडला की प्रकाश गळतो आणि जोडणी मंदावते किंवा तुटते. सुटलेल्या टोकात डोकावून पाहणे तर मुळीच नको. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. पेटी जिथे आहे तिथेच राहू द्यावी आणि तिच्यापासून घराच्या मध्यापर्यंत इथरनेटची तार न्यावी. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे कुठल्याही फ्लॅटला पुरून उरते. भिंतीतून टेलिफोनसाठी टाकलेला पाइप असेल, तर इलेक्ट्रिशियन तिच्यातून ओढून देतो; नसेल तर पट्टीच्या कडेने नेता येते. त्या तारेच्या टोकाला आपला राऊटर ठेवायचा. उंचावर, मोकळ्यावर. टीव्हीच्या कपाटात किंवा माशांच्या टाकीमागे नव्हे. पाणी आणि पत्रा दोन्ही लहरींचे वैरी आहेत.

तार कुठून कुठे लावायची यात पुष्कळजण चुकतात. कंपनीच्या पेटीच्या 'लॅन' भोकातून निघालेली तार आपल्या राऊटरच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात जायला हवी. ते भोक बहुधा वेगळ्या रंगाचे असते.

तार लागली, दिवे लागले, इंटरनेटही चालू झाले. नातू खूश. पण इथेच एक गंमत झालेली असते. घरात आता दोन राऊटर आहेत आणि दोघांनाही वाटते की घराचा कारभारी आपणच.

ही भानगड समजायला सोसायटीचे फाटक आठवावे. जगातल्या इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच दिसू लागले होते, आणि २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठा वाटून संपलाही. त्यावर तोडगा निघाला तो असा की, साऱ्या घराला बाहेरचा पत्ता एकच आणि घरातल्या यंत्रांना आतले खासगी नंबर. राऊटर हा फाटकावरचा रखवालदार. आतून कोणी निरोप पाठवला की तो वहीत लिहून ठेवतो, 'हा निरोप आजींच्या फोनचा'. उत्तर आले की वही पाहून बरोबर आजींकडे पोहोचवतो. न बोलावता कोणी आला, तर मात्र वहीत नोंदच नसते. "कोणाकडे जायचंय?" एवढे विचारून तो पाहुण्याला परत लावतो.

दोन राऊटर म्हणजे फाटकावर एक रखवालदार आणि जिन्याच्या तोंडाशी दुसरा, दोघांच्या दोन वह्या. आतून निघालेला निरोप दोन्हीकडे नोंदवला जातो, उत्तर दोन्ही वह्या पाहून परत येते. त्यामुळे सिनेमा, बातम्या, आजींचा व्हिडिओ कॉल, बँकेचे काम यांपैकी काहीही अडत नाही. अडते ते बाहेरून आत येणारे. एखाद्या जातीचा घरचा कॅमेरा गावाहून पाहायचा असतो, काही खेळांत मित्राचे यंत्र थेट आपल्या यंत्राशी बोलू पाहते. तिथे एका रखवालदाराला सांगून भागत नाही. आणखी एक खोड अशी की, दोन्ही राऊटरांनी आतला नंबर १९२.१६८.१.१ असाच धरला, तर दोघांचा गोंधळ उडून सगळेच ठप्प होऊ शकते. काही राऊटर आपणहून नंबर बदलतात. न बदलला तर नव्याला १९२.१६८.५०.१ असा वेगळा द्यावा.

हे टाळायचे दोन मार्ग आहेत. बहुतेक घरांना सोपा पडेल तो असा: नव्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' हा पर्याय निवडावा. मग तो रखवालदारी सोडतो आणि नुसते वायफाय देतो. कारभारी कंपनीची पेटीच राहते. ज्यांची तक्रार फक्त शेवटच्या खोलीची आहे त्यांनी याहून खोल पाण्यात शिरू नये.

दुसरा मार्ग उलटा. कंपनीच्या पेटीला 'ब्रिज' करायचे, म्हणजे तिला केवळ मोडेम बनवायचे आणि कारभार आपल्या राऊटरच्या हाती द्यायचा. यासाठी बहुधा कंपनीकडून ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड मागून घ्यावा लागतो, कधी एखादा 'व्हीलॅन' क्रमांकही. काही कंपन्या फोनवर करून देतात, काही देतच नाहीत. त्याच पेटीवर घरचा लँडलाइन फोन चालत असेल, तर ब्रिज केल्यावर तो वाजेल का हे आधीच विचारावे. वडीलधाऱ्यांचा जुना नंबर बंद पडला की घरात राऊटरचे कौतुक राहत नाही. एवढे करूनही कधी निराशाच पदरी पडते, कारण कंपनीने स्वतःच्या दारातही एक रखवालदार बसवलेला असतो आणि शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो. ओळखायची खूण सोपी: आपल्या राऊटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो खरा बाहेरचा नव्हेच.

ग्राहकाने स्वतःचे यंत्र लावायचे की नाही, हा वाद जुना आहे. अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या तारेला परके यंत्र जोडायला मनाई असे. टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी रेडिओ आणि टेलिफोन यांना जोडणारे 'कार्टरफोन' नावाचे साधे उपकरण बनवले, त्यावर झगडा झाला आणि १९६८ मध्ये निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. पुढे घरोघरी मोडेम लागले त्याची वाट या निकालाने मोकळी केली. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच झाला: कोणता राऊटर लावायचा ते ग्राहक ठरवील. आपल्याकडची मंडळी तिकडे नोकरीला गेली की पहिल्याच महिन्यात हा फरक त्यांच्या लक्षात येतो.

पण कारभार हाती आला म्हणजे जबाबदारीही आली. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात बीएसएनएलचे ब्रॉडबँड वापरणाऱ्या अनेक घरांतले मोडेम एका घातक प्रोग्रामने बंद पाडले. त्या प्रोग्रामने काही अवघड कुलूप फोडले नव्हते. मोडेम कारखान्यातून 'अॅडमिन' हा पासवर्ड घेऊन आले होते, तो कोणी बदलला नव्हता, एवढेच. त्यानंतर ग्राहकांना पासवर्ड बदलण्याची सूचना करावी लागली.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगतात. दुसरा राऊटरच्या सेटिंगचा, जो कोणालाच सांगायचा नसतो. पहिला बदलून माणसे निश्चिंत होतात आणि दुसरा 'अॅडमिन'च राहतो. नवा राऊटर लावला त्याच संध्याकाळी हा दुसरा बदलावा, कागदावर लिहून कपाटात ठेवावा. बटण दाबून जोडणी देणारी 'डब्ल्यूपीएस' सोय बंद करावी. नव्या सॉफ्टवेअरची आपोआप भर पडण्याची सोय मात्र चालू ठेवावी.

वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच नव्या राऊटरला दिले, तर टीव्ही, फोन, दारावरची बेल सगळे आपणहून जोडले जातात; आजींना काही शिकवावे लागत नाही. ही युक्ती छान आहे. फक्त तो जुना पासवर्ड कंपनीच्या माणसाने घातलेला घरमालकाचा मोबाइल नंबर असेल आणि शेजारच्या तीन घरांना तोंडपाठ असेल, तर एक दिवस त्रास सोसून नवाच घालावा. नवे वायफाय नीट चालू लागल्यावर मगच जुन्या पेटीचे वायफाय बंद करावे, आधी नाही. पेटी मात्र फेकू नये, तिचा अॅडॅप्टरही नाही. ती कंपनीची मालमत्ता असते.

स्वतःचा राऊटर आला की तक्रारीच्या फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "सर, तुमचा राऊटर काढून बघा." रागावू नये, काढून खरेच बघावे. लॅपटॉप तारेने थेट पेटीला जोडून इंटरनेट येत नसेल, तर चेंडू त्यांच्या अंगणात. त्याआधी पेटीवरचा 'एलओएस' लिहिलेला दिवा पाहावा. तो लाल झाला, म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही, फायबर कुठेतरी तुटली आहे. हेब्बाळमध्ये २०१८ साली खोदकाम चालू असताना आठव्या शतकातला कन्नड शिलालेख सापडला होता, तो भाग्याचा योग. एरवी रस्ता खोदला की सापडते ती कोणाची तरी फायबर!

राहिली वीज. इमारतीचा जनरेटर सुरू व्हायला अर्धे मिनिट लागले तरी राऊटर बंद पडून पुन्हा चालू होईपर्यंत तीन-चार मिनिटे जातात आणि ऑफिसची मीटिंग तुटते. त्यासाठी राऊटरचे छोटे यूपीएस मिळतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: दोन्ही अॅडॅप्टरांवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहे, आणि यूपीएसला तारा किती निघतात. पुष्कळजण आपला नवा राऊटर यूपीएसवर लावतात आणि चपलांच्या कपाटावरची पांढरी पेटी विसरतात. दिवे गेले की नवा राऊटर झगझगीत चालू राहतो, इंटरनेट मात्र नसते.