झुकते माप कोणाकडे?

बाजारपेठेतील किराणा दुकानदाराच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असावा लागतो. २००९ चा वैधमापन कायदा त्याला तसे बंधन घालतो आणि किलो म्हणजे किती हे ठरविण्याचा अधिकार त्या दुकानदाराला देत नाही. किलो म्हणजे किलो. तो गिऱ्हाईक पाहून वाढत नाही की हंगाम पाहून घटत नाही. परंतु आजच्या काळात बँका, वीज कंपन्या, विमा संस्था आणि सरकारी कचेऱ्या ज्या वस्तूवर कोट्यवधी रुपये खर्च करीत आहेत, त्या वस्तूचे माप मात्र विकणाराच ठरवितो, तोच ते मोजतो आणि मोजणीचा नियमही तोच बदलतो. ही वस्तू म्हणजे डेटाबेस, अर्थात माहितीचे सुसूत्र कोठार सांभाळणारे सॉफ्टवेअर. सामान्य वाचकास हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पण ज्या बँकेत त्याची ठेव आहे आणि ज्या तिजोरीत त्याचा कर जातो, तेथूनच हा पैसा जात असल्यामुळे त्याकडे पाठ फिरविणे त्याला परवडणारे नाही.

या व्यवहारात प्रत्यक्षात विकत काय मिळते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ ठरविले. पुढे २०२१ साली, प्राप्तिकराच्या संदर्भात, त्याच न्यायालयाने असे स्पष्ट केले की असे सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या हाती त्याचा स्वामित्वहक्क येत नाही. त्याला मिळते ती केवळ वापरण्याची मुभा. म्हणजे घर विकत घेतले असे आपण समजावे, पण हाती असावी ती फक्त वहिवाटीची परवानगी, असा हा प्रकार आहे. साहजिकच त्या परवानगीची मर्यादा कोणत्या शब्दांत लिहिली आहे, यावरच साऱ्या व्यवहाराचे भवितव्य अवलंबून राहते.

उदाहरणासाठी आपण इंदूरला जाऊ. होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे ज्या नगरीत नांदत आली, तेथील पश्चिम भागातील सुदामा नगर ही एक मोठी निवासी वसाहत. इंदुरात आता टाटा कन्सल्टन्सी आणि इन्फोसिस यांची विस्तीर्ण केंद्रे उभी राहिली आहेत, आणि संगणकाचा व्यवसाय तेथील मध्यमवर्गीय घरांना नवा राहिलेला नाही. या सुदामा नगरात साठ कर्मचाऱ्यांची एक सहकारी बँक आहे, अशी कल्पना करा. बँक कल्पित असली तरी पुढील दर आणि नियम मात्र खरे आहेत. डेटाबेसच्या धंद्यात अग्रणी असलेल्या ओरॅकल कंपनीच्या जाहीर दरपत्रकात थोरल्या आवृत्तीचा दर गेली अनेक वर्षे प्रत्येक ‘प्रोसेसर’मागे ४७,५०० डॉलर असा आहे, आणि त्यावर देखभालीचे शुल्क दरसाल २२ टक्के. आता ‘प्रोसेसर’ म्हणजे यंत्रात बसविलेली चकती, असा सरळ अर्थ कोणीही घेईल. येथेच पहिली मेख आहे. एका चकतीत अनेक गाभे, म्हणजे ‘कोअर’, असतात. ते मोजायचे, त्यांना कंपनीच्या कोष्टकातील गुणकाने गुणायचे आणि अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक धरायचा. इंटेल वा एएमडीच्या चकत्यांना हा गुणक अर्धा, तर आयबीएमच्या पॉवर जातीच्या अलीकडील चकत्यांना पूर्ण एक.

आपल्या बँकेच्या यंत्रात आठ-आठ कोअरच्या इंटेलच्या दोन चकत्या आहेत असे धरू. कोअर झाले १६, अर्ध्याने गुणले तर परवाने ८, आणि किंमत ३,८०,००० डॉलर; शिवाय दरसाल ८३,६०० डॉलर देखभालीचे. बँक म्हणेल, आमची माणसे साठच, तेव्हा माणशी हिशेब करा. माणशी परवानाही मिळतो, ९५० डॉलरला. पण प्रत्येक प्रोसेसरमागे किमान २५ माणसे धरलीच पाहिजेत, असा दंडक आहे. म्हणजे साठ माणसांच्या बँकेने दोनशेंचे १,९०,००० डॉलर मोजावयाचे. त्यातही ज्या ग्राहकांचा हात मोबाईलवरून वा एटीएममधून त्या कोठारापर्यंत पोहोचतो, तेही मोजणीत येतात. त्यांची गणती बँकेला रोज करीत बसणे अशक्य, म्हणून वळसा घालून पुन्हा प्रोसेसरच्याच मापाकडे यावे लागते. आणि हीच बँक त्याच कंपनीच्या धाकट्या आवृत्तीवर भागवू शकली, तर तेथे कोअर न मोजता चकतीची बैठक मोजली जाते आणि दोन बैठकांचे होतात अवघे ३५,००० डॉलर. धाकट्या आवृत्तीत सोयी कमी आहेत हे खरे. परंतु या बँकेला त्या सोयींची गरज आहे काय, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारणारा कोणीतरी असावा लागतो. सुदाम्याच्या मूठभर पोह्यांच्या बदल्यात कृष्णाने सोन्याची नगरी दिली, अशी कथा आहे. येथे व्यवहार उलटा आहे. मूठभर वापरासाठी सोन्याची नगरी द्यावी लागते.

खरी ग्यानबाची मेख मात्र याच्याही पुढे आहे. आजकाल अनेक यंत्रे एकत्र जोडून त्यांवर आभासी यंत्रे चालविण्याची पद्धत रूढ झाली आहे. आपल्या बँकेने अशी सहा यंत्रे जोडली आणि डेटाबेस त्यांतील एकाच यंत्रावर चालविला, तरी तो उरलेल्या पाचांवर सरकविता येतो, म्हणून सहाही यंत्रांचे परवाने हवेत, अशी मागणी पुढे येते. आठाचे अठ्ठेचाळीस होतात आणि ३,८०,००० चे २२,८०,००० डॉलर! करारातील शब्द पाहावेत तर ते इतकेच की, जेथे सॉफ्टवेअर बसविले आहे वा चालू आहे ते प्रोसेसर मोजावेत. सरकविता येण्याच्या शक्यतेचा अर्थ ज्या धोरणपत्रिकेतून काढला जातो, तिच्यावर कंपनीनेच छापले आहे की ही पत्रिका केवळ माहितीसाठी असून ती कोणत्याही कराराचा भाग होऊ शकत नाही. जे कागद करार नाहीत, त्यांच्या आधारे वसुलीची भाषा व्हावी, हा न्याय कोणता? दुसऱ्यांच्या मेघसेवेवर, म्हणजे क्लाउडवर, चालणाऱ्या यंत्रांसाठीही असेच एक पत्रक आहे. जानेवारी २०१७ मध्ये त्यातील गुणकाची सवलत काढून घेण्यात आली आणि त्याच कामाला एका रात्रीत दुप्पट परवाने लागू लागले.

विक्रेत्यांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. सॉफ्टवेअर घडविण्यास अपार बुद्धी आणि भांडवल लागते, नक्कल करण्यास मात्र काहीच लागत नाही. ज्याचा वापर मोठा त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही. यंत्रे बदलत गेली तसे मापही बदलणे काही अंशी अपरिहार्य होते. चकतीच्या वेगावर आकारणी करणारे एक माप ओरॅकलने स्वतःच २००१ साली सोडून दिले. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ च्या आवृत्तीपासून चकतीऐवजी कोअर मोजण्यास आरंभ केला. तेव्हा आमचा आक्षेप किंमत घेण्याला नाही, मापाच्या धूसरपणाला आहे. हा धूसरपणा एकाच कंपनीपुरता मर्यादित नाही. लंडनच्या उच्च न्यायालयात २०१७ साली एसएपी आणि मद्य उत्पादक डियाजिओ यांच्यातील खटल्यात, दुसऱ्याच प्रणालीतून मागणी नोंदविणारे ग्राहकही एसएपीचे ‘वापरकर्ते’ ठरतात, असा निवाडा झाला. दावा होता पाच कोटी पौंडांहून अधिक रकमेचा. ‘वापर’ या एका साध्या शब्दाची ही किंमत!

सरकारे शहाणी असतात असेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००१ साली ओरॅकलशी साडेनऊ कोटी डॉलरचा घाऊक करार केला. आपल्याला खरोखर किती परवाने हवेत, याची नीट पाहणी त्यापूर्वी झालीच नव्हती. राज्याच्या लेखापरीक्षकांनी एप्रिल २००२ मध्ये ताशेरे ओढले आणि त्याच वर्षी तो करार रद्द करावा लागला. बैल गेल्यावर झोपा करण्याचा हा प्रकार आपल्याकडे होऊ नये, अशी इच्छा असेल तर काही गोष्टी आजच कराव्या लागतील.

पहिली गोष्ट ही की, ‘प्रोसेसर’, ‘वापरकर्ता’, ‘बसविलेले’ या शब्दांची व्याख्या करारातच, तारखेसह, लिहून घ्यावी आणि बाहेरचे कोणतेही पत्रक बंधनकारक नाही, हे स्पष्ट नमूद करावे. दुसरी, डेटाबेसची यंत्रे इतर यंत्रांपासून वेगळी ठेवावी. तिसरी, आपली मोजणी आपणच दरवर्षी करावी. कारण कंपनीच्या तपासणीची नोटीस ४५ दिवसांची असते, आणि निदानासाठी व वेग वाढविण्यासाठी असलेली कित्येक स्वतंत्र शुल्काची साधने उघडी ठेवलेल्या दारासारखी आधीच चालू असतात. कोणा कारकुनाने वा तंत्रज्ञाने नकळत आत पाऊल टाकले, तरी त्याचे देणे संस्थेच्या माथी बसते. चौथी गोष्ट, पोस्टग्रेसक्यूएलसारख्या परवानाशुल्क नसलेल्या डेटाबेसचा विचार प्रत्येक नव्या कामासाठी आधी व्हावा. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहेच. ते फुकट नव्हे, त्यालाही जाणकार माणसे लागतात. पण तो पैसा आपल्याच मुलांच्या पगारात जातो.

गोवा असो की इंदूर, लहान बँका आणि लहान राज्ये एकेकटी या कंपन्यांपुढे उभी राहिली तर अडलेल्या हरीसारखी त्यांची गत होणार. सहकाराचा उगमच मुळी अशा एकाकीपणातून झाला. सहकारी बँकांच्या महासंघांनी आणि राज्यांच्या माहिती-तंत्रज्ञान महामंडळांनी एकत्र बसून एक समान करारनामा तयार करावा आणि त्याखेरीज कोणीही सही करू नये. पैसे देणाऱ्याला आपण किती घेतले हे स्वतः मोजता येत नसेल, तर त्या व्यवहाराला खरेदी म्हणणे कठीण आहे. ती खंडणीच्या दिशेने झुकलेली असते. ठेवीदारांच्या आणि करदात्यांच्या पैशाचे विश्वस्त म्हणून मिरविणाऱ्यांनी हे ध्यानी घेऊन सहीपूर्वी लेखणी क्षणभर थांबवावी आणि माप तपासावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.