रोगप्रतिकाराचा लगाम

तळेऱ्याहून वैभववाडीमार्गे कोल्हापूरला जाताना करूळ घाट लागतो. चढताना भिस्त इंजिनावर असते. उतरताना मात्र जीव ब्रेकवर सोपवावा लागतो. आपल्या रोगप्रतिकारशक्तीचेही तसेच आहे. ती वाढवण्याच्या गोष्टी आपण नित्य ऐकतो. तिच्या लगामाविषयी क्वचितच कोणी बोलते.

आपल्या रक्तात प्रथिनांची एक संस्था अहोरात्र जागी असते. तिला ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणजे पूरक प्रणाली म्हणतात. तिच्या केंद्रस्थानी सी-३ हे प्रथिन आहे. ते दुभंगले की त्याचा मोठा भाग जंतूच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि भक्षक पेशींना जंतू ओळखता येतो. त्या चिकटलेल्या भागाला ‘घटक बी’ येऊन मिळतो. ‘घटक डी’ हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्या बी-ला कापते आणि एक नवे विकर तयार होते. हे नवे विकर पुन्हा सी-३लाच दुभंगू लागते. ठिणगीतून वणवा पेटावा, तसा हा प्रकार.

मग हा वणवा आपल्याच पेशींना का जाळत नाही? एक तर हे विकर अल्पायुषी असते. आधार न मिळाल्यास सुमारे दीड मिनिटात त्याचे भाग विलग होऊ लागतात. शिवाय ‘घटक एच’ हे प्रथिन आपल्या पेशींवर त्याला लवकर मोडून टाकते. हाच तो लगाम. घटक एचच्या जनुकातील एका फरकामुळे उतारवयातील मॅक्युलाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, झिजेचा धोका वाढतो, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले.

या विकराला बाहेरून आवरता येईल का? पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संशोधन करणारे डॉ. अरविंद साहू यांनी अमेरिकेत जॉन लॅम्ब्रिस यांच्यासमवेत १९९६ मध्ये ‘कॉम्पस्टॅटिन’ हा छोटा रेणू शोधला. अवघ्या १३ अमिनो आम्लांचा हा रेणू सी-३ला बिलगतो आणि विकराला ते कापू देत नाही. सी-३च्या एका भागाशी तो नेमका कोठे बसतो, याची त्रिमितीय रचना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्यापासूनच बनलेल्या पेगसेटाकोप्लान या औषधाला, कोरड्या प्रकारच्या प्रगत झिजेसाठी डोळ्यात टोचण्याचे इंजेक्शन म्हणून, अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते झीज मंदावते. गेलेली दृष्टी परत आणत नाही. त्याने ओल्या प्रकारच्या झिजेचा धोकाही वाढतो. म्हणून निर्णय दृष्टिपटलतज्ज्ञांशी सविस्तर बोलूनच घ्यावा.

घरातील ज्येष्ठांनी ‘समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही’ असे म्हटले, तर ‘मोतीबिंदू असेल’ किंवा ‘वयच झाले’ म्हणून विषय संपवू नका. आठवड्यातून एकदा, चष्मा लावून, एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावयास सांगा. मग दुसरा झाका. सरळ रेषा वाकडी दिसू लागली किंवा मध्येच पुसट झाली, तर त्वरित नेत्रतज्ज्ञांकडे न्या. ओल्या झिजेत काही दिवसांचा विलंबही महागात पडतो. विडी-सिगारेट सोडणे हा तर सर्वांच्या हातातील उपाय आहे.

आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ चूर्ण कोणी पुढे केले, तर घाटाचा उतार आठवा. तेथे गाडीला अधिक वेग नको असतो. ब्रेक शाबूत हवा असतो.