सौना : आधी दार पाहा, मग तापमान

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, आणि तेथील सौनांची संख्या सुमारे ३० लाख! सौना म्हणजे लाकडी फळ्यांनी मढवलेली, शेगडीने तापवलेली स्नानाची खोली. शेगडीवर दगड रचलेले असतात. त्यांवर पळीने पाणी टाकले की वाफेचा लोट उठतो. तेथील मुले लहानपणापासून आईवडिलांबरोबर सौनात जातात. २०२० साली युनेस्कोने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. घरगुती सौना आता इतर देशांतही विकले जातात. आपल्याकडे घडी घालून ठेवता येणारे वाफेचे तंबूही मिळतात. मग लहान मुलाने सौनात बसावे का? माझे मत असे, की निरोगी मुलाने थोडा वेळ बसायला हरकत नाही. पण त्याला वाटेल त्या क्षणी बाहेर पडता आले पाहिजे. असे का, ते पाहू.

सौनातील हवा ८० अंश सेल्सियसपर्यंत, कधी त्याहूनही अधिक तापलेली असते. तेवढ्याच तापलेल्या पाण्यात बोट बुडवले, तर लगेच भाजेल. मग या हवेत माणूस बसतो कसा? एक तर पाण्याच्या मानाने हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. दुसरे म्हणजे घाम. एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या प्रयोगांत, सुमारे १२५ अंश तापलेल्या खोलीत माणसे काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आली. तशाच खोलीत अधिक वेळ ठेवलेली अंडी मात्र शिजून घट्ट झाली. अंड्याला घाम येत नाही, आणि उठून बाहेरही जाता येत नाही!

आता लहान मुलाचा विचार करा. एका घनाची बाजू निम्मी केली, तर त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट होतो. शरीराचेही तसेच आहे. २० किलोग्रॅमच्या मुलाला दर किलोग्रॅममागे मोठ्या माणसाच्या सुमारे १.४ पट त्वचा असते. बाहेरची हवा शरीरापेक्षा गरम असली, की याच त्वचेतून उष्णता आत शिरते. शिवाय मुलांना घाम कमी येतो. म्हणून मोठ्यांना सुखकर वाटणारी उष्णता मुलाला लवकर जड जाते.

तेव्हा सौना निवडताना नुसता तापमानाचा आकडा पाहू नका. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे, नुसते ढकलले की उघडणारे हवे. त्याला कडी किंवा कुलूप नको. शेगडीभोवती लाकडी कठडा हवा. हवा खेळती राहील अशी सोय हवी. शेगडी ठरलेल्या वेळेनंतर आपोआप बंद होणारी असावी, आणि तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत, आग लागते. गरम हवा वर जाते. म्हणून मुलाला खालच्या बाकावर बसवावे आणि तापमापक त्याच्या डोक्याच्या उंचीवर लावावा. तेथे ६० अंश पुष्कळ झाले.

वेळ काही मिनिटेच. आधी आणि नंतर पाणी प्यायला द्यावे. मोठे माणूस सतत सोबत हवे. ताप असताना बसू नये. तान्ह्या बाळासाठी, तसेच हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी वाटताच बाहेर यावे.

वाफेचा तंबू मात्र मुलासाठी घेऊच नये. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात घाम अंगावर तसाच राहतो, तो वाळत नाही. वाफेने भरलेल्या तंबूत तर तो मुळीच वाळत नाही. उलट वाफच त्वचेवर निवते आणि आपली उष्णता अंगाला देते. त्यात चेन लावून मुलाला कोंडलेले, आणि गरम वाफेची नळी पायाशी! ‘घामावाटे विषारी द्रव्ये निघून जातात’ या जाहिरातीलाही भुलू नका. ते काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. सौनानंतर घटलेले वजन हे गेलेल्या पाण्याचे असते.

आणि पैज तर कधीच लावू नका. फिनलंडमधील हेइनोला गावी १९९९ पासून सौनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. २०१० च्या अंतिम फेरीत ११० अंश तापमानात एक स्पर्धक दगावला, दुसरा गंभीररीत्या भाजला. त्यानंतर ती स्पर्धा बंद झाली. ते दोघेही अनुभवी होते. त्यांना दार बंद नव्हते. पण हरायचे नाही, या हट्टाने कडीचे काम केले.

म्हणून मित्रांनो, धाकट्या भावंडाने “पुरे” म्हटले, की त्याला भित्रा म्हणू नका. त्याचे शरीर जे सांगते, ते त्याने ऐकले आहे. तुम्ही फक्त दार उघडा.