बाकावरचा खेळाडू

“पोरीला बास्केटबॉलच्या संघात घेतलं, बूट घ्यायला आम्ही पोटाला चिमटा काढला, आणि ती मात्र नुसती बाकावर बसून असते!” अशी तक्रार पालक आमच्याकडे नेहमी करतात. ही तक्रार खोटी नाही. पण या खेळात बाक म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ या.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे १३ नियम लिहून हा खेळ सुरू केला. तेव्हा एखाद्याने मुद्दाम इजा केली तर तो सामनाभर बाहेर बसे आणि त्याच्या जागी दुसरा घेता येत नसे. आज ‘फिबा’ या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार संघात १२ जण असतात आणि मैदानात ५. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. बाहेर आलेला पुन्हा आत जाऊ शकतो. बदली मागायची ती प्रशिक्षकाने नव्हे. बदली खेळाडूने स्वतः गुणलेखकाकडे जाऊन. मग घड्याळ थांबले आणि पंचांनी खूण केली की आत जायचे.

५ फाउल झालेला खेळाडू मात्र कायमचा बाहेर. त्याच्या जागी ३० सेकंदांत दुसरा हवा. बाक रिकामा असेल तर उरलेल्या चौघांनी खेळायचे, मग तिघांनी, अगदी दोघांनीसुद्धा. एकच उरला तर सामना हातचा गेला. सुरुवात मात्र पाच जणांशिवाय होत नाही. ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच जण उभे राहिले नाहीत, तर सामना २०-० असा दुसऱ्या संघाला दिला जातो.

बाकाची किंमत काय, हे २५ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये दिसले. अलाबामा आणि मिनेसोटा या विद्यापीठांचा सामना होता. मैदानात बाचाबाची झाली आणि अलाबामाचे बाकावरचे सगळे खेळाडू उठून आत आले. नियमाप्रमाणे ते सगळे बाद झाले. पुढे एकाचे फाउल भरले, एकाचा घोटा दुखावला. उरले तिघे. शेवटची दहा मिनिटांहून अधिक वेळ ते तिघेच पाच जणांशी झुंजले. कॉलिन सेक्स्टनने सामन्यात ४० गुण केले. तरी अलाबामा ८४-८९ असा हरला. पाच गुणांनी!

मुलांनो, बाकावर बसणे हेही संघाचेच काम आहे. राग आला म्हणून तिथून उठाल, तर आपल्याच भावंडांना तिघांवर आणून सोडाल.

आणि पालकांनो, बदलीला मर्यादा नाही, हेही ध्यानात ठेवा. पोरीला हंगामभर एकदाही आत पाठवले नसेल, तर त्याला नियमाची आडकाठी नाही. प्रशिक्षकांना शांतपणे कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे.