वाद पाठ, भांडण गायब

नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली की समोरचे फलक वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. परवा त्यांत फ्रेंचच्या शिकवणीचा एक दिसला: बारावीला पैकीच्या पैकी गुण. शिकवणीवाल्यांशी माझं भांडण नाही. ते गुण विकतात आणि तसं उघड सांगतात. भांडण आहे ते आपल्याशी, साहित्यवाल्यांशी. आपणही आधुनिक फ्रेंच साहित्य गुणांसाठीच शिकतो. स्वच्छंदतावाद, वास्तववाद, प्रतीकवाद, अतिवास्तववाद, अस्तित्ववाद ही माळ घोकायची आणि मराठी कवी दिसला की त्यातला एक मणी त्याच्या गळ्यात बांधायचा.

‘वाद’ म्हणजे भांडणही, हे आपण विसरलो. २५ फेब्रुवारी १८३० रोजी पॅरिसमध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या ‘एर्नानी’चा पहिला प्रयोग झाला. सुरुवातीलाच एक वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत सांडलं. जुन्या वळणाच्या रसिकांना हा पद्यनियमांचा धडधडीत अपमान वाटला. ह्यूगोचे तरुण चाहते त्यांना भिडले. स्वच्छंदतावाद म्हणतात तो हा.

पुढे १८५७ साली फ्लोबेरवर ‘मादाम बोव्हारी’साठी आणि बोदलेरवर ‘ले फ्लर द्यु माल’साठी नीतिमत्तेला धक्का लावल्याचे खटले झाले. सरकारी वकील दोन्हीकडे एकच. फ्लोबेर सुटला. बोदलेरला दंड झाला आणि सहा कविता वगळाव्या लागल्या. तो निकाल रद्द व्हायला १९४९ उजाडलं.

हे मराठी विद्यार्थ्याला परकं का वाटावं? मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि त्यांच्यावरही अश्लीलतेचा खटला झाला. हे दोन खटले शेजारी ठेवून एक तास शिकवा. प्रतीकवादाच्या दहा व्याख्यांपेक्षा जास्त कळेल.

यावर जाणकार बजावतात, ‘मूळ फ्रेंच येत नसेल तर बोलू नका.’ मग याच नाशिकच्या शिरवाडकरांचं काय करायचं? त्यांनी माटरलिंकच्या ‘मोन्ना व्हान्ना’वरून ‘वैजयंती’ लिहिलं, आनुईच्या नाटकावरून ‘बेकेट’. राजाचा जिवलग मित्र धर्मपीठावर बसतो आणि राजालाच आडवा जातो, हे भांडण समजायला आनुई कोणत्या वादातला हे ठाऊक असावं लागत नाही.

पण जाणकारांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ‘एर्नानी’तली ती सांडलेली ओळ भाषांतरात बहुधा सरळ होऊन जाते, ती मुळातच पाहावी लागते. म्हणूनच फ्रेंचमध्ये पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: त्या नाटकाची पहिली वीस पानं काढा आणि मराठीत आणा. ओळ कुठे मोडायची यावरून भांडा. गुण मिळाले, आता साहित्य सुरू करा.